लाँगफेलो: शाळेतला कवी आणि दान्तेचा अनुवादक

गोदाकाठ

मंडळी, हा धागा काढायचं खूप दिवस डोक्यात होतं, आज रविवार आहे आणि घरात कोणी नाही म्हणून बसले टंकायला. थोडं लांबेल, आधीच सांगते.

लाँगफेलो म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना 'अ साम ऑफ लाइफ' आठवते. ती शाळेत पाठ केलेली, प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर फ्रेममध्ये लावलेली, स्नेहसंमेलनात कोणीतरी हातवारे करून म्हणलेली कविता. त्यामुळे हा माणूस आपल्या डोक्यात 'उठा, कामाला लागा' टाइप सुविचारवाला म्हणून फिट्ट बसलाय. अमेरिकेतही फार वेगळं नाही. एकोणिसाव्या शतकात घराघरात वाचला जायचा, नंतर व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन वर गेले आणि हा खाली आला, गोड गोड लिहितो म्हणून समीक्षकांनी निकालात काढला.

पण या माणसाने दान्ते या मध्ययुगीन इटालियन कवीची अख्खी 'डिव्हाइन कॉमेडी' इंग्रजीत आणली. इन्फर्नो (नरक), पुर्गातोरियो (शुद्धिलोक), पारादीसो (स्वर्ग), तिन्ही भाग. एकूण १०० सर्ग, चौदा हजारांच्या वर ओळी. १८६७ मध्ये बॉस्टनच्या टिकनर अँड फील्ड्सने तीन खंडांत छापली. अख्खी कॉमेडी पद्यात करणारा हा पहिला अमेरिकन. आणि माझं म्हणणं असं की अनुवाद हा त्याचा जोडधंदा नव्हता, उलट या कामानेच त्याच्यातला कवी वाचवला. त्याच्या ज्या कविता आजही खरंच टिकतात त्या दान्तेच्या शेजारी बसून लिहिलेल्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी देते. लाँगफेलोचा जन्म १८०७ चा, मेन राज्यातल्या पोर्टलंडचा. बोडन कॉलेज मधून पास झाल्यावर कॉलेज म्हणालं की आधुनिक भाषांचा प्राध्यापक हो, पण आधी युरोपात जाऊन भाषा शिकून ये. १८२६ ते १८२९ फ्रान्स, स्पेन, इटली, जर्मनी असा फिरला. परत येऊन शिकवायला लागला तर धड पाठ्यपुस्तकंच नाहीत, मग स्वतःच तयार केली, त्यात इटालियन गद्यवेचेही होते. पुढे १८३६ पासून हार्वर्डला, तिथे दान्तेवर लेक्चरं दिली. पुर्गातोरियोचा अनुवाद १८४३ मध्ये सुरू केला, रोज सकाळी थोडा थोडा, आणि तो पूर्ण व्हायला १८५३ उजाडलं. १८५४ मध्ये वैतागून नोकरी सोडली, लिहायला वेळ हवा म्हणून.

मग जुलै १८६१. बायको फॅनी घरात होती, तिच्या ड्रेसने पेट घेतला. कसा ते दोन प्रकारे सांगतात, कोणी म्हणतं मुलींच्या केसांच्या बटा लाखेने सील करत होती, कोणी म्हणतं काडेपेटीची काडी पडलेली. ती धावत त्याच्या अभ्यासिकेत आली, त्याने सतरंजीत गुंडाळून आग विझवायचा प्रयत्न केला, स्वतः भाजला. दुसऱ्या दिवशी ती गेली. दफन झालं त्या दिवशी त्यांच्या लग्नाला बरोबर १८ वर्षं होत होती आणि हा अंथरुणात, अंत्यविधीला जाऊ शकला नाही. ती जी फोटोत दिसते ना ऋषीसारखी पांढरी दाढी, ती त्यानंतरची, चेहऱ्यावरचे व्रण झाकायला ठेवलेली.

त्यानंतर स्वतःचं काही लिहिणं जवळजवळ थांबलं आणि त्याने दान्ते परत हातात घेतला. इन्फर्नो सलग ३४ दिवसांत केला, रोज एक सर्ग. (इन्फर्नोत सर्गही ३४ च.) त्यात मोठा मुलगा चार्ली घरातून न सांगता पळून सिव्हिल वॉरमध्ये भरती झाला, तिकडे जखमी झाला. बाहेर युद्ध, घरात आई नसलेल्या तीन लहान मुली, आणि हा रोज नरकाचा एक एक सर्ग इंग्रजीत उतरवतोय.

या अनुवादाला त्याने स्वतःची सहा सुनीतं (सॉनेट) जोडली, प्रत्येक भागाला दोन दोन. ती वाचा प्लीज. पहिल्यात एक मजूर आहे, धूळ आणि उन्हातून आलेला, कॅथेड्रलच्या दाराशी आपलं ओझं उतरवून ठेवतो, आत जातो, गुडघे टेकतो. रस्त्याचा गोंगाट आत पुसट होत जातो. आणि मग कवी म्हणतो मीही रोज असाच इथे येतो, माझं ओझं या दाराशी ठेवतो. 'इथे' म्हणजे दान्तेच्या काव्यात. अख्ख्या सुनीतात बायकोचं नाव नाही, आगीचा उल्लेख नाही, उपदेश तर औषधालाही नाही. हाच माणूस का तो साम ऑफ लाइफवाला, असं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? कोणी वाचलाय का हा अनुवाद?

उगाच

वाखु (वाचनखूण) साठवली. सावकाश वाचून लिहितो. साम ऑफ लाइफ आमच्या सरांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली त्यामुळे लाँगफेलोबद्दल मनात जरा राग आहे 😄

खडूस मास्तर

गोदाताई, लेख छान पण जरा थांबा. मी अनुवाद वाचलाय, पूर्ण नाही पण इन्फर्नो पूर्ण. अहो तो इंग्रजीच वाटत नाही. इटालियन शब्दक्रम जसाच्या तसा उचलून ठेवलाय, पहिल्याच कडव्यात विशेषण नामाच्या मागे, कारण दान्तेने तसं लिहिलंय. क्रियापदं कुठेच्या कुठे. लॅटिन मुळाचे जडजंबाल शब्द. वाचताना सारखं वाटतं की कोणीतरी शेजारी मूळ पुस्तक उघडून बसलंय आणि आपल्याला बोट ठेवून दाखवतंय. त्यात यमक टाकून दिलेलं. दान्तेचा तो तीन-तीन ओळींचा गोफ हा त्या काव्याचा कणा आहे, पहिली आणि तिसरी ओळ जुळते, मधली जी सुटी राहते तिचं यमक पुढच्या कडव्यातल्या पहिल्या-तिसऱ्याला मिळतं, अशी कडी कडीत अडकवत १०० सर्ग. ते काढलं तर उरलं काय? ४० वर्षं इंग्रजी शिकवून माझं मत आहे की अनुवाद वाचताना अनुवाद वाटता कामा नये.

त्यापेक्षा जॉन चार्डी वाचा. तोही कवी, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, इन्फर्नो १९५४ चा. त्याने पहिली-तिसरी ओळ जुळवली, मधली सोडून दिली. पळतो नुसता. किंवा रॉबर्ट पिन्स्की, १९९४, त्याने अर्धवट जुळणारी यमकं घेऊन साखळी राखलीये.

गोदाकाठ

मास्तर, यमक त्याने आळसाने नाही टाकलं, त्यावर त्याने विचार केलेला. इटालियनमध्ये जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरात संपतो त्यामुळे यमकं पायलीला पन्नास, इंग्रजीत तशी नाहीत. तीन ओळी जुळवायच्या तर अर्थ वाकवावा लागतो, दान्तेने न म्हटलेलं काहीतरी घुसडावं लागतं. तो म्हणायचा की काहीतरी सोडावं लागणारच, यमक म्हणजे कुंपणावर फुललेली वेल आहे, सुंदर आहे, पण मला कुंपण जिवंत ठेवायचंय. आणि दुसरं त्याचं म्हणणं, लेखक काय म्हणतो आणि कसं म्हणतो हे सांगणं अनुवादकाचं काम, त्याचा अर्थ काय ते टीकाकार बघून घेईल. त्याच्या आधीचा केरीचा अनुवाद (१८१४) बघा, तोही निर्यमक, पण वाचताना मिल्टन वाचतोय असं वाटतं. लाँगफेलोत निदान दान्ते आहे.

रानजाई

मास्तरांना एकच प्रश्न, गीताईबद्दल काय म्हणाल? विनोबांनी १९३०-३१ मध्ये केली ती समश्लोकी आहे. श्लोकाला श्लोक, चरणाला चरण. लाँगफेलोने दान्तेचं केलंय ते तेच, ओळीला ओळ, तीन ओळींच्या कडव्याला तीन ओळींचं कडवं. आपल्याकडे हा प्रकार इतका जुना आहे की त्याला वेगळं नाव आहे, वामन पंडितांनीही समश्लोकी गीता केलीच होती. गीताई वाचताना पण काही ठिकाणी संस्कृत जाणवतं, म्हणून ती मराठी नाही असं आपण म्हणत नाही. लाखो लोकांनी पाठ केलीये.

आणि कवीने अनुवाद करणं हे तर मराठीत इतकं नॉर्मल आहे. मेघदूत घ्या, कुसुमाग्रज, बोरकर, शांताबाई, सगळ्यांनी केलं. सी. डी. देशमुखांनी पण, जे अर्थमंत्री होते ते. प्रत्येकाचं वेगळं. मला बोरकरांचं मेघदूत वाचताना बोरकर ऐकू येतात आणि शांताबाईंचं वाचताना शांताबाई. मग लाँगफेलोच्या दान्तेत लाँगफेलो ऐकू येत नाही ही तक्रार आहे की कौतुक ते मला अजून ठरवता येत नाहीये.

खडूस मास्तर

रानजाई, गीताईत अनुष्टुभाचा ठेका आहे, तोंडात बसतो, म्हणून पाठ होते. लाँगफेलोच्या दान्तेच्या दहा ओळी कोणाला पाठ असतील तर मी माझं म्हणणं मागे घेतो. त्याच्याच साम ऑफ लाइफच्या छत्तीसच्या छत्तीस ओळी लोकांना पाठ आहेत, यातच काय ते आलं.

चार्ल्सकाठी

मी बॉस्टनला असतो, मोबाइलवरून लिहितोय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. रोज रेड लाइन मेट्रोने लाँगफेलो ब्रिजवरून जातो, इथले लोक त्याला मीठ-मिरी पूल म्हणतात कारण त्याचे बुरूज टेबलावरच्या मीठदाणी-मिरपूडदाणीसारखे दिसतात. पूल १९०६ चा, पण नाव लाँगफेलोचं १९२७ ला दिलं, कारण त्याच जागी आधी जो लाकडी पूल होता त्याच्यावर त्याची एक कविता आहे. मधे २०१३ ते २०१८ दुरुस्ती चाललेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी लाँगफेलोच्या नावाने भरपूर बोटं मोडलीत.

त्याचं घर केंब्रिजला ब्रॅटल स्ट्रीटवर आहे, हार्वर्ड स्क्वेअरवरून चालत दहा-बारा मिनिटं, पिवळं मोठं घर. सिव्हिल वॉर नाही, त्याच्याही आधीच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचं मुख्यालय होतं तिथे. लाँगफेलो आधी तिथे भाडेकरू, मग १८४३ ला लग्न झाल्यावर सासऱ्याने घरच विकत घेऊन दिलं 😀 आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. आईबाबा आले होते तेव्हा नेलं होतं. अभ्यासिकेत खिडकीपाशी उभं राहून लिहायचं डेस्क आहे. बाबा बँकेतून रिटायर झालेले, ते म्हणाले आमच्या वेळचा कॅशियरचा काउंटर असाच होता. आणि चेस्टनटच्या लाकडाची एक काळी खुर्ची आहे, त्याच्या लोहाराच्या कवितेतलं झाड तोडलं तेव्हा केंब्रिजच्या शाळकरी मुलांनी त्याच्या ७२ व्या वाढदिवसाला दिलेली.

गोदाकाठ तुम्ही दान्ते क्लबबद्दल लिहिलंच नाही! गाईडने सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवला. १८६५ च्या शरदापासून दर बुधवारी संध्याकाळी याच घरात लोक जमायचे, लॉवेल (हार्वर्डला लाँगफेलोच्या जागी आलेला प्राध्यापक, स्वतः कवी), चार्ल्स एलियट नॉर्टन, नंतर हॉवेल्स वगैरे. लाँगफेलो प्रूफं मोठ्याने वाचणार, बाकीचे मूळ इटालियन उघडून बसणार आणि जिथे खटकेल तिथे थांबवणार. मग शब्दावरून वाद. मग जेवण. मला तर हे आपल्या आयटीतल्या कोड रिव्ह्यूसारखं वाटलं, फक्त यांना वाइन मिळायची.

वरणफळं

हॉवेल्सने त्या बैठकांबद्दल नंतर लिहून ठेवलंय, भारी आहे ते. हॉवेल्स म्हणजे कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्स, व्हेनिसला चार वर्षं अमेरिकेचा कॉन्सुल होता त्यामुळे इटालियन पक्कं. तो सांगतो की लाँगफेलोचा आवाज इतका मऊ होता की शेकोटीजवळच्या खोल खुर्चीत बसणारा एक म्हातारा विद्वान हमखास झोपायचा, आणि लाँगफेलोचा एक लठ्ठ टेरियर कुत्रा होता त्यालाही मीटिंगला हजर राहायचंच असायचं, तोही नेमका त्याच वेळी झोपायचा. मग दोघांचं घोरणं एका सुरात सुरू. समोर पारादीसो चाललंय, स्वर्ग, प्रकाश, आणि इकडे ही जुगलबंदी. लाँगफेलो नुसता मान वर करून मिश्कील बघायचा आणि परत गंभीरपणे सर्ग संपेपर्यंत वाचायचा. शेवटी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून जेवायला घेऊन जायचा, जणू काही झालंच नाही.

हे वाचल्यापासून मला लाँगफेलो जाम आवडायला लागला. मास्तर, अनुवाद कसाही असो, माणूस आवडला 🙂

खडूस मास्तर

कुत्र्याचं मत माझ्या मताशी जुळतं असं दिसतंय.

वरणफळं

🤣🤣 दंडवत घ्या मास्तर

अर्धा कप

उशिरा येतेय धाग्यावर. एक गंमत सांगते. १८६५ म्हणजे दान्तेच्या जन्माला ६०० वर्षं, फिरेंझेत मोठा सोहळा होता. (फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्स, ते नुकतंच इटलीची राजधानी झालेलं, त्यामुळे जास्तच थाट.) लाँगफेलोने इन्फर्नोच्या दहा प्रती घाईघाईने खासगीत छापून तिकडे पाठवल्या. आणि त्याच सोहळ्यासाठी आपल्याकडच्या एका कवीनेही काहीतरी पाठवलं होतं, मायकेल मधुसूदन दत्त! तो तेव्हा फ्रान्समध्ये व्हर्सायला कर्जबाजारी होऊन बसलेला, विद्यासागर पैसे पाठवायचे त्यावर घर चालायचं. त्याने बंगालीत दान्तेवर सुनीत लिहिलं, सोबत फ्रेंच आणि इटालियन भाषांतर जोडलं आणि थेट राजा व्हिक्टर इमॅन्युएलला पाठवून दिलं. माझा नवरा बंगाली आहे त्यामुळे हे मला लग्नानंतर निदान पन्नासदा ऐकवण्यात आलंय, आज कुठेतरी उपयोग झाला.

अवांतर: लाँगफेलोचा तो पळून गेलेला चार्ली पुढे हिंदुस्थान फिरून गेला होता, नंतर जपानमध्येही बराच राहिला.

उगाच

वाचलं सगळं. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर लाँगफेलोचा अनुवाद फुकट आहे, काल रात्री इन्फर्नोचा पाचवा सर्ग काढला. पावलो-फ्रांचेस्कावाला. मास्तर म्हणतात तसं पहिली दोन पानं अडखळलो, नंतर सवय झाली. दिराच्या प्रेमात पडलेली बाई, दोघं लान्सलॉटची गोष्ट वाचत बसलेत, वाचता वाचता चुंबन, आणि ती सांगते की त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. बास. एवढंच. नवऱ्याने दोघांना मारलं त्याचं वर्णन नाही काही नाही. हे ऐकून दान्ते बेशुद्ध पडतो.

ती शेवटची ओळ इटालियनमध्ये यूट्यूबवर ऐकली, 'ए काद्दी कोमे कोर्पो मोर्तो कादे'. इटालियनचा गंध नसताना पण पडल्याचा आवाज येतो, क, क, क, क. लाँगफेलोत तो आवाज नाही येत पण मेलेलं शरीर पडतं तसा मी पडलो, हे त्याच क्रमाने येतं, 'पडणं' ओळीच्या सुरुवातीला आणि परत शेवटी. चार्डीचं पण बघितलं, मास्तरांमुळे. चार्डी पळतो खरा. पण मला इथे पळायचं नव्हतं.

रानजाई

उगाच, मस्त लिहिलंयस. मराठीत क चा खेळ होईल का विचार करत होते, 'कोसळलो' ने सुरुवात करता येईल, 'कोसळलो, कलेवर कोसळावं तसा'. चार क मधले तीन तर मिळाले 😛

आणि मराठीत तर इटालियनसारखीच यमकं मुबलक, आपलेही बरेच शब्द स्वरात संपतात. तो तीन ओळींचा गोफ मराठीत इंग्रजीपेक्षा सोपा जाईल. ओवीत तीन चरण जुळतात आणि चौथा छोटा मोकळा सुटतो, त्यामुळे प्रत्येक ओवी मिटते. दान्तेची कडवी मिटतच नाहीत, पुढे ढकलत राहतात, हा फरक मोठा आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची, दान्ते तेव्हा पंचविशीत, दोघांनी पंडितांची भाषा सोडून लोकांच्या भाषेत लिहिलं वगैरे तुलना कोणीतरी करणारच आहे या धाग्यावर म्हणून मीच करून टाकते, पण मला ओवी आणि तेर्झा रिमा (म्हणजे दान्तेचा तो गोफ) यांच्या चालीतला फरक जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

गोदाकाठ

रानजाई, कर ना मग एखादा सर्ग. खरंच.

मास्तरांच्या पाठांतराच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. साम ऑफ लाइफ १८३८ ची, तेव्हा तो एकतिशीचा होता. पहिली बायको मेरी १८३५ ला रॉटरडॅममध्ये प्रवासात गेली होती, म्हणजे दुःख तेव्हाही होतंच, आणि त्याचं त्याने घोषवाक्य केलं. आता त्याच्या शेजारी 'द क्रॉस ऑफ स्नो' ठेवा. ही १८७९ ची, फॅनीला जाऊन १८ वर्षं झाल्यावर लिहिलेली. रात्री झोप येत नाही, भिंतीवरून तिचा चेहरा बघतोय, आणि मग त्याला दूर पश्चिमेकडचा एक डोंगर आठवतो (कोलोरॅडोतला, त्याने चित्र पाहिलं होतं) ज्याच्या घळीत बर्फाचा क्रूस आहे आणि ऊन तिथे पोचत नाही म्हणून तो वितळत नाही. तसा क्रूस मी छातीवर १८ वर्षं वागवतोय म्हणतो. आणि कविता तिथेच थांबते, 'तरीही उठा' नाही, 'धीर धरा' नाही. ही त्याने छापलीच नाही, मेल्यावर कागदांत सापडली. १८३८ च्या लाँगफेलोला शेवटी उपदेश केल्याशिवाय राहवलं नसतं. मधे काय घडलं, तर वय झालं, फॅनी गेली, हे आहेच. पण रोज एका अशा कवीची ओळ न ओळ इंग्रजीत करणं, जो 'त्या दिवशी पुढे वाचलं नाही' एवढं म्हणून थांबतो, याचा काहीच परिणाम झाला नसेल असं मला नाही वाटत. त्यात क्रॉस ऑफ स्नो पण सुनीतच, आणि तेही इटालियन पद्धतीचं, आठ आणि सहा ओळींचं.

खडूस मास्तर

हे मान्य. सहा सुनीतं काल रात्री परत काढून वाचली. उत्तम आहेत, त्याबद्दल माझा वाद कधीच नव्हता. पण यातून सिद्ध एवढंच होतं की अनुवादाने कवीचं भलं झालं. वाचकाचं भलं झालं का, हा माझा प्रश्न अजून उभा आहे. विद्यार्थ्याने दान्ते पहिल्यांदा वाचायचा तर मी चार्डीच देणार.

चार्ल्सकाठी

मास्तर पहिल्यांदा चार्डी आणि दुसऱ्यांदा लाँगफेलो असं करता येईल की. आणि त्या क्लबातल्या नॉर्टनने पुढे स्वतः गद्यात अनुवाद केला १८९१-९२ मध्ये, म्हणजे बुधवारी बसून इतके वाद घालून पण त्याचं समाधान झालं नव्हतं असं दिसतं 😀

अर्धा कप

दान्तेशिवाय त्याने मायकेलअँजेलोची सुनीतं पण केलीत इंग्रजीत, १८७८ च्या 'केरामोस' संग्रहात आहेत. आणि 'वेसाइड इन'च्या गोष्टींमध्ये बोकाच्चोची ससाण्याची गोष्ट आहे, तो गरीब झालेला सरदार प्रेयसी जेवायला येते म्हणून लाडका ससाणा मारून शिजवतो आणि ती नेमका तोच ससाणा मागायला आलेली असते, आजारी मुलासाठी. ती एकदम सोपी आहे वाचायला, नव्याने सुरू करणाऱ्यांनी तिथून करा.

रानजाई

गोदाकाठ, पाचव्या सर्गाच्या पहिल्या बारा ओळींची चार कडवी ओढूनताणून केलीत, यमकाची साखळी ठेवून. चौथ्या कडव्यात मिनोस (नरकातला न्यायाधीश) शेपटी गुंडाळतो तिथे अडकलेय, जेवढे वेढे तेवढ्या पायऱ्या खाली पापी जाणार असं आहे ते, आणि 'वेढे'ला यमक 'पेढे' सोडून दुसरं काही सुचत नाहीये. वेगळा धागा काढते, मास्तर तिथे या लाल पेन घेऊन.

खडूस मास्तर

'तेढे', 'तिढे' पण आहे बघा. येतो.